कर्ज असताना दशांश द्यावा का?

प्रश्न : पगार 30 हजार, त्यात क्रेडिट कार्डाचं कर्ज. मंडळीत दशांश देता येत नाही, याची टोचणी लागते.

उत्तर : ताई, ती टोचणी आधी उतरवा. दशांश हा इस्राएलाच्या धान्य-गुरांवरचा नियम होता, उपासनेची सेवा करणाऱ्या लेव्यांच्या पोषणासाठी. पौलाने करिंथकरांना टक्का सांगितलाच नाही. ऐपतीप्रमाणे, स्वखुशीने, आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढा, एवढंच. कार्डाचं व्याज मात्र वर्षाला 36 टक्के किंवा त्याहून जास्तही पडतं. म्हणून दान थांबवू नका, पण लहान ठेवा : पगार होताच तीनशे रुपये वेगळे काढा आणि शिल्लक सगळी कर्जाकडे वळवा. आईवडिलांच्या औषधाचे पैसे मात्र दानपेटीत नकोत. ‘कुर्बान’ (देवाला अर्पण) म्हणत आईबापांना वंचित ठेवणाऱ्यांना येशूने खडसावलं होतं (मार्क 7). कर्ज फिटलं की त्याच हप्त्यातून दान वाढवा.