पाचवे शील आणि हृदयाचा स्नायू



विहारात पंचशील घेताना पाचवे शील आपण सर्वजण म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञाही दारू न पिण्याचीच आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला दारूचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. यांतील तिसरा, म्हणजे रोग, आज आपण समजून घेऊ.

दारूने लिव्हर खराब होते, हे मोताळ्यात कोणीही सांगेल. पण दारूने हृदयाचा स्नायूच दुबळा होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. विहिरीवरच्या मोटारीला वीज गेली की विसावा मिळतो. हृदयाला तो कधीच नाही. ते दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते आणि आपण स्वस्थ बसलो असतानाही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. दारू रक्तातून या स्नायूत पोचते. दारू आणि शरीरात तिच्यापासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य स्नायूच्या पेशींना इजा करतात. असे वर्षानुवर्षे चालले की हृदयाचे कप्पे ताणून मोठे होतात, भिंती पातळ पडतात आणि पंपाचा जोर कमी होतो.

पहिली काही वर्षे माणसाला काहीच जाणवत नाही. हाच मोठा धोका. पुढे चढ चढताना दम लागतो, छाती धडधडते, पाय सुजतात, आडवे पडले की श्वास कोंडतो आणि रात्री उठून बसावे लागते. अशा वेळी अंगारा लावू नका, गंडा बांधू नका. डॉक्टरांकडे जा आणि किती दारू पितो ते खरे सांगा. डॉक्टर ईसीजी व एको या तपासण्या सांगतील.

किती दारूने असे होते ? साधारणपणे रोज ८० ग्रॅम मद्यार्क, पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ, असे डॉक्टर मानतात. ४२.८ टक्के मद्यार्काच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे रोज दीड बाटली पिणारा ही मर्यादा ओलांडतो. स्त्रियांना याहून कमी दारूही पुरते. मात्र याचा अर्थ एक बाटली निर्धोक, असा कोणी घेऊ नये.

"हातभट्टीची वाईट, दुकानातली चांगली," असे काही बांधव म्हणतात. १८८४ साली जर्मनीतील म्युनिक शहरात बोलिंगर या वैद्यकतज्ज्ञाने फार बियर पिणाऱ्यांची हृदये मोठी झाल्याचे नोंदवले. ती बियर हातभट्टीची नव्हती. बाटली कोणतीही असो, आतला मद्यार्क एकच.

आता आशेची गोष्ट. कारणावाचून कार्य घडत नाही आणि कारण दूर केले की परिणाम ओसरतो, ही भगवंतांची शिकवण येथे प्रत्यक्ष दिसते. वेळेत दारू पूर्ण सोडली व औषधे नियमित घेतली, तर अनेक रुग्णांच्या हृदयाचा जोर काही महिन्यांत पुष्कळ सुधारतो. फार उशीर झाला, तर ही संधी हातची जाते.

परंतु रोज भरपूर पिणाऱ्याने घरी एकदम दारू तोडू नये. हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे.

माता-भगिनींनो, पिणाऱ्याला चारचौघांत घालून-पाडून बोलल्याने दारू सुटत नाही. तो शुद्धीवर असताना शांतपणे बोला आणि दवाखान्यात त्याच्यासोबत जा. शील एकट्याने घेतले, तरी ते पाळायला घराची साथ लागते.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. हृदयाचा स्नायू दुबळा झाल्याची कोणती लक्षणे दिसतात ?
२. रोज पिणाऱ्याने दारू एकदम का तोडू नये ?
३. आपल्या घरात पाचवे शील पाळायला कोणाला मदत हवी आहे ?