गर्दी होती, मग पैसे गेले कुठे? गटाच्या खानावळीची खरेदी



रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत आपल्या भागातल्या एका गटाने तीन दिवस बेसन-भाकर आणि भजीचा स्टॉल लावला होता. आठ जणी पहाटे चारला उठायच्या. दुपारी तर भाकरी तव्यावरून उतरायच्या आधीच गिऱ्हाईक ताट घेऊन उभं. यात्रा संपल्यावर ओट्यावर बसून हिशेब केला. विक्री १८,६०० रुपये, खर्च १९,८५० रुपये. म्हणजे १,२५० रुपयांचा तोटा, आणि मजुरी कोणालाच नाही. एक काकू मला म्हणाल्या, "ताई, गर्दी तं लय होती, मंग पैसे गेले कुठी?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्टॉलच्या आधी "घाऊक घ्या, स्वस्त पडेल" हा सल्ला मीच दिला होता, म्हणून चूक माझीही होती. नंतर आम्ही उरलेला माल, चिठ्ठ्या आणि आठवणी गोळा करून पुन्हा हिशेब मांडला. त्यातून जे कळलं ते या अंकात लिहिते आहे. यात्रेचा स्टॉल असो, शाळेतला पोषण आहार असो, लग्नाच्या पोळ्यांची ऑर्डर असो की डबे, खरेदीचं गणित सगळीकडे एकच आहे.

स्वयंपाकात कोणीच चुकलं नव्हतं. पैसे गेले ते चूल पेटायच्या आधी, दुकानात.

तेलापासून सुरू करू. त्या गटाला सोयाबीन तेलाचे दोन डबे हवे होते. एका दुकानात डबा २,१०० रुपयांना होता, दुसऱ्यात २,०५० ला. दोन्ही "पंधराचे" डबे, म्हणून ५० रुपये वाचवायला दुसरा घेतला. पहिला डबा १५ किलोचा होता, दुसरा १५ लिटरचा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल फक्त १३ किलो ६५० ग्रॅम. आता भाव काढा. पहिला डबा किलोला १४० रुपये पडला असता, आपण घेतलेला १५० रुपये पडला. स्वस्त समजून घेतलेल्या दोन डब्यांत पावणेतीनशे रुपये जास्त गेले. डब्यावर वजन छापलेलंच असतं, ते वाचायचं राहिलं. तेव्हा डबा हातात घेतला की आधी 'किलो' आहे का 'लिटर' आहे ते बघा, मग भाव विचारा.

भाजीपाल्याचं नुकसान याहून मोठं होतं. मेथी, सांबार, पालक तीन दिवसांचं एकदम घेतलं, कारण ठोक भावात जुडी दोन रुपयांनी कमी पडत होती. चैत्राचं ऊन, वर ताडपत्री, खाली गरम जमीन. दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मी मेथी पिवळी पडली आणि तिसऱ्या दिवशी सांबार गुरांना टाकला. अंदाजे १,४०० रुपयांचा माल फेकला गेला. माझा घाऊकचा सल्ला इथे लागू नव्हता. घाऊक घ्यायचं ते टिकणारं : डाळ, तांदूळ, तेल, तिखट, हळद, गूळ. कांदा-आलू आठवड्याचा घेतला तरी चालतो, मात्र हवेशीर जागी पसरून ठेवायचा आणि दोन्ही वेगवेगळे. पालेभाजी रोजची रोज, थोडी महाग पडली तरी. फेकलेल्या स्वस्त मेथीपेक्षा वापरलेली महाग मेथी परवडते.

आता एक हिशेब समजून घ्या, कारण यात भल्याभल्यांची चूक होते. आपण भाव विचारतो तो बाजारातल्या किलोचा, पण शिजवतो ती निवडलेली, चिरलेली भाजी. समजा फुलकोबी २० रुपये किलोने १० किलो घेतली. पानं, देठ, किडका भाग काढून ६ किलो उरली. २०० रुपयांत ६ किलो, म्हणजे कढईतला किलो ३३ रुपयांचा झाला. शेजारच्या पालावर २८ रुपयांची, पानं छाटलेली, ताजी कोबी होती. तिच्या १० किलोतली ९ किलो वापरात येते. २८० ला ९ किलो, म्हणजे ३१ रुपये. महागडी वाटणारी भाजीच स्वस्त निघाली. ही टक्केवारी पुस्तकातून पाठ करू नका. घरी एकदा एक किलो मेथी निवडा आणि पानं काट्यावर ठेवा. तसंच आलू सोलून, कांदा सोलून बघा. वहीत लिहून ठेवा. तुमच्या बाजारातल्या भाजीचा आकडा तुम्हालाच सापडेल, तोच खरा.

डाळ-तांदळातही हेच. जुना तांदूळ पाणी जास्त ओढतो, भात मोकळा आणि जास्त होतो. नवा तांदूळ दोन रुपयांनी स्वस्त मिळाला तरी भाताच्या मापात मार खातो. कणी जास्त असेल तर भाताचा चिखल. म्हणून दुकानदाराला नुसतं "तांदूळ द्या" म्हणू नका. "जुना, कणी कमी, मूठभर दाखवा" असं सांगा. बेसनात कधीकधी वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा "निव्वळ हरभरा डाळीचं" असं बिलावर लिहून घ्या, नाहीतर डाळ घेऊन गावच्या चक्कीवर दळा. पाकीटबंद मसाला, तेल घेताना तारीख आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आहे का ते बघा.

आपल्याकडे तूर-हरभरा घरोघरी पिकतो, म्हणून बायका म्हणतात, "तूर घेऊन डाळ करू, दुकानदाराला काहून द्यायचे?" कल्पना चांगली आहे, पण आधी आकडे मांडा. समजा एक क्विंटल तूर ७,००० ला घेतली, भरडाई आणि गाडीभाडं ६०० झालं. डाळ धरा ६८ किलो, बाकी चुनी, फोलपट. डाळ ११२ रुपये किलोने पडली. चुनी ५०० रुपयांना विकली गेली तर १०४. दुकानात तशीच डाळ ११० ला मिळत असेल तर किलोमागे ६ रुपये वाचले. चुनी विकलीच नाही तर उलट २ रुपये गेले. भाव दरवर्षी बदलतात, गणित तेच राहतं.

किती घ्यायचं, हे अंदाजाने ठरवू नका. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना माप पाठ असतं : पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. वरच्या वर्गाची ८० मुलं हजर असतील तर १२ किलो तांदूळ, २ किलो ४०० ग्रॅम डाळ, ६ किलो भाजी, ६०० ग्रॅम तेल. पटावर किती नावं आहेत ते नाही, आज हजर किती आहेत ते धरायचं. स्टॉललाही असंच माप ठरवा. यात्रेत एका ताटाला साधारण ४० ग्रॅम बेसन लागलं. दिवसाला १५० ताटं धरली तर ६ किलो, तीन दिवसांचं १८ किलो. त्या गटाने ३० किलो आणलं होतं. १२ किलो उरलं. ते वाया गेलं नाही, घरोघरी वाटून घेतलं, पण गटाचे पैसे त्यात अडकले. पावसाळा असता तर सोंडे झाले असते. नवीन माल आला की जुना डबा पुढे ओढायचा, आधी तो संपवायचा.

आता जरा नाजूक विषय. कोणी मनाला लावून घेऊ नका.

खरेदी कोण करतं? मी ज्या ज्या गटात विचारलं, तिथे बहुतेक वेळा उत्तर आलं, "आमचे हे गाडीवर जाऊन आणतात." स्वयंपाक आठ जणींचा, खरेदी एका घरच्या माणसाची. त्यांनी काही वाईट केलं असं मी म्हणत नाही, पेट्रोल घालून मदतच करतात. पण भाव काय होता, बिल कुठे आहे, डबा किलोचा का लिटरचा, हे आठातल्या एकीलाही माहीत नसतं. मग ओट्यावर हिशेबाला बसल्यावर एकमेकींकडे बघायची वेळ येते. गट फुटतात ते बहुधा अशाच प्रश्नावरून. त्या गटात किराणा ओळखीच्या दुकानातून उधारीवर आणला होता. चिठ्ठी बिनतारखेची, बेरजेची. रोखीचा भाव विचारून पाहिला तर उधारीवर जवळपास ९०० रुपये जास्त लागले होते. व्याज म्हणून कोणी सांगितलं नाही, ते भावातच होतं. आपल्याच गटातून शेकडा एक-दोन रुपयाने अंतर्गत कर्ज मिळत असताना आपण दुकानदाराचं न दिसणारं व्याज भरलं.

तेव्हा असं करा. खरेदीला दोघी जा, दर वेळी त्याच दोघी नको. जाण्याआधी बैठकीत यादी लिहा : काय, कोणत्या प्रतीचं, किती, जास्तीत जास्त किती भावाने. मोठ्या खरेदीला तीन दुकानांचे भाव कागदावर घ्या. मात्र वाशीम किंवा कारंज्याला जाऊन ६० रुपये वाचवायचे आणि ऑटोला १२० द्यायचे, असं नको. भाडं भावात धरूनच तुलना करा. नात्यातलं दुकान असलं तरी भाव विचारायला लाजू नका. बिल गटाच्या नावाने, तारखेसह. आणि माल गावात आला की खरेदीला न गेलेल्या तिसऱ्या ताईने तो मोजून घ्यायचा. यादी, बिल आणि काटा तिन्ही जुळले तरच सही. पोतं ५० किलोचं लिहिलेलं असलं तरी काट्यावर ठेवा. स्वतःच्या काट्यावर वैधमापनचा मुदतीतला शिक्का आहे ना, तेही बघा, नाहीतर दुकानदार तुमचाच काटा खोटा ठरवेल.

तेल २७५, भाजी १,४००, उधारी ९०० मिळून २,५७५ रुपये. हे वाचले असते तर १,२५० च्या तोट्याऐवजी १,३२५ रुपये नफा दिसला असता. पण आठ जणी तीन दिवस म्हणजे चोवीस रोज. रोजाला ५५ रुपये. निंदणाला गेल्या असत्या तरी जास्त मिळाले असते. म्हणजे नुसती खरेदी सुधारून भागणार नाही, ताटाची किंमत ठरवताना मजुरी धरावी लागेल. तो हिशेब मोठा आहे, पुढच्या अंकात घेऊ.

त्या गटाने गेल्या महिन्यात डोहाळजेवणाची एक ऑर्डर घेतली. त्या काकू आणि गटाची सचिव दोघीच बाजारात गेल्या. दुकानदाराने विचारलं, "घरून कोणी माणूस नाही आलं का?" काकूंनी यादी पुढे केली आणि म्हणाल्या, "आधी डबा उलटा करा, वजन कुठी लिहिलं ते दाखवा." परत येऊन त्यांनी मला फोन केला तेव्हा अर्धा वेळ त्या हसतच होत्या.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने तीन गोष्टी आणा : शेवटच्या खरेदीची बिलं, जशी असतील तशी, एका भाजीचं निवडण्याआधीचं आणि नंतरचं वजन, आणि घरातल्या तेलाच्या डब्यावर काय छापलंय ते वहीत उतरवून. ज्यांचं लिहिणं कच्चं आहे त्यांनी मुलीकडून लिहून घ्या, पण वजन स्वतः करा.