स्वभाव की विकार? : विद्यार्थ्यांच्या समाजभयाविषयी

गोदाकाठचे कोपरगाव आज उच्च शिक्षणाचे केंद्र झाले आहे. १९८३ मध्ये सुरू झालेले संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय, सोमैया महाविद्यालय, सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय येथे पंचक्रोशीतील गावांतून विद्यार्थी येतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास वर्गापुढे इंग्रजीत बोलताना भीती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र काहींच्या बाबतीत ही भीती आजाराचे रूप घेते, याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

मानसिक आरोग्याविषयीच्या साक्षरतेची संकल्पना ऑस्ट्रेलियातील संशोधक अँथनी जॉर्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. लोकांची समज जोखण्याची त्यांची रीत सोपी आहे : एका व्यक्तीचे वर्णन सांगून 'हिला काय झाले असावे?' असे विचारावयाचे. आपणही असे एक कल्पित उदाहरण पाहू.

द्वितीय वर्षातील एका विद्यार्थ्यास तोंडी परीक्षेपूर्वी आठवडाभर झोप लागत नाही. हजेरी देतानाही त्याचा आवाज कापतो. चारचौघांत बसून डबा खाणे तो टाळतो. उत्तर येत असूनही, आपले हसे होईल या धास्तीने तो गप्प राहतो. वर्षभर हेच चालले आहे.

'बुजरा आहे', 'सभाधीट नाही', 'मनाने कमकुवत आहे' अशी उत्तरे सहज सुचतात. विद्यार्थीही एकमेकांविषयी असेच बोलतात. वैद्यकशास्त्र यास सामाजिक चिंता विकार म्हणते. बुजरा मनुष्य ओळख झाल्यावर मोकळा होतो. या विकारात भीती सहसा सहा महिने वा अधिक काळ टिकते आणि शिक्षण, मैत्री, नोकरी यांच्या आड येते. बहुधा किशोरवयातच सुरुवात होत असल्याने महाविद्यालयात येईपर्यंत तो 'स्वभाव'च ठरून जातो.

'स्वभावाला औषध नाही' असे आपण म्हणतो. या विकारावर मात्र उपचार आहेत. भीतीमागील विचार तपासून, टाळलेल्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्यास शिकविणारी मानसोपचार पद्धती व गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधे यांचा चांगला उपयोग होतो. तरीही २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले.

केवळ सहानुभूती पुरेशी नाही. अशा मुलास बळेच व्यासपीठावर ढकलल्याने त्याची भीती वाढते. प्रत्येक प्रसंगातून सूट दिल्यास टाळण्याची सवय दृढ होते. पालक, प्राध्यापक व मित्रांनी त्याचे न हसता ऐकावे आणि त्यास तज्ज्ञांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

एखादा हुशार विद्यार्थी केवळ बोलण्याच्या भीतीने शिक्षण सोडतो, तेव्हा ती हानी कुटुंबाची असते, तशीच समाजाचीही असते. ती टाळण्याच्या कार्यात आपणां सर्वांचे सहकार्य लाभावे, ही नम्र विनंती.