अनाथांचा समाचार घेणे

शास्त्रवाचन : लूक ७:११-१७, याकोब १:२७

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की मंडळ्यांच्या तरुणसंघांत सेवाफेरीची चर्चा सुरू होते. नेपाळात जाण्यास आपल्याला व्हिसा लागत नाही, खर्चही बेताचा. तेव्हा काठमांडू किंवा पोखरा येथील एखाद्या अनाथालयात दहा दिवस राहावे, मुलांना गाणी शिकवावी, भिंती रंगवाव्या, खाऊ व कपडे वाटावे असा बेत ठरतो. त्यामागील हेतूविषयी मला शंका नाही. मीही एकदा अशा तुकडीबरोबर गेलो होतो. परंतु याकोबाच्या ज्या वचनाच्या आधारे आपण निघतो, ते नेमके काय मागते हे निघण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

याकोब अनाथ व विधवा यांचा समाचार घेण्यास सांगतो. (बोलीभाषेत आपण 'समाचार घेणे' हे खरडपट्टी काढण्यालाही म्हणतो, ते येथे बाजूला ठेवू.) मूळ ग्रीक क्रियापद एपिस्केप्टोमाई. त्यात केवळ भेटून येणे नाही. जवळ जाऊन स्थिती पाहणे व तिची जबाबदारी घेणे हा भाव आहे. हेच क्रियापद लूक ७:१६ मध्ये येते. नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा प्रभूने उठविला, तेव्हा देवाने आपल्या लोकांची भेट घेतली असे लोक म्हणाले. आता त्याच्या आधीचे वचन पाहा. उठलेल्या तरुणाला प्रभूने आपल्याबरोबर नेले नाही. त्याने त्याला त्याच्या आईच्या स्वाधीन केले.

दुसरा शब्द 'अनाथ'. जुन्या करारातील इब्री शब्द याथोम हा बहुधा पितृहीन मुलासाठी येतो. स्तोत्र १०९:९ मध्ये एकाच वचनात मुले अनाथ व त्यांची आई विधवा म्हटली आहे. म्हणजे आई जिवंत आहे. म्हणूनच नियमशास्त्रात अनाथ व विधवा ही जोडी वारंवार एकत्र येते. शेतात विसरलेली पेंढी त्यांच्यासाठी राहू द्यावी (अनुवाद २४:१९), ती आईने घरी आणून मुलांना खाऊ घालावे म्हणून. अलीशाकडे आलेल्या विधवेचे दोन मुलगे सावकार नेणार होता (२ राजे ४:१-७). संदेष्ट्याने मुलांसाठी दुसरे घर शोधले नाही. तिच्याच घरातल्या तेलाने कर्ज फिटले व मुलगे आईजवळ राहिले.

हे मनात ठेवून नेपाळकडे पाहू. १९९६ ते २००६ या यादवी युद्धाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरत. शहरात शिक्षण मिळेल, मुलगा सुरक्षित राहील असे सांगून ते आईबापांकडूनच पैसे घेत व मुले घेऊन जात. पुष्कळ मुलांच्या कागदपत्रांवर जिवंत आईबाप मृत दाखविले गेले. देशातील बहुतेक बालगृहे गरिबी सर्वांत अधिक आहे तेथे नव्हे, तर परदेशी पाहुणे येतात अशा मोजक्या जिल्ह्यांत उभी राहिली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. २०१५ च्या भूकंपानंतर शासनाला मुलांना पालकांविना जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई करावी लागली. २०१८ च्या बालकविषयक कायद्याने संस्थेतील संगोपन हा अखेरचा पर्याय ठरविला.

हे दुःख एकट्या नेपाळचे नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालये १५४ वरून २६९ झाली. आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील सुमारे ७७ टक्के मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले. अनाथ वाढले नव्हते. पाहुणे व देणग्या वाढल्या होत्या.

आमच्या फेरीत चार वर्षांची एक मुलगी पहिल्याच दिवशी माझ्या मांडीवर येऊन बसली. तिचा विश्वास आम्ही जिंकला असे आम्हांला वाटले, आणि मी घरी परतल्यावर उपासनेत तशी साक्षही दिली. पुढे कळले की अनोळखी माणसाला असे तत्काळ बिलगणे हे पुष्कळदा माया तुटल्याचे लक्षण असते. आमच्या आधी एक तुकडी गेली होती, नंतर दुसरी येणार होती. तिची आई कोठे आहे, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. आजही ते मला टोचते.

मग सर्वच अनाथालये चुकीची काय? तसे नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या, तेव्हा त्यांना आश्रय हवाच होता. पण रमाबाई तेथून परतल्या नाहीत. १९२२ साली देहावसान होईपर्यंत त्या केडगावी त्यांच्यातच राहिल्या. याकोबाच्या शब्दात जी जबाबदारी आहे, ती अशी दिसते.

म्हणून आपल्या तरुणसंघाने प्रथम त्या संस्थेला पत्र लिहावे. मुले कोणी व कोठून आणली? किती जणांचे आई, वडील, आजी, मामा हयात आहेत? त्यांची भेट वर्षातून किती वेळा होते? घरी परत गेलेली मुले किती? पाहुण्यांनी मुलांबरोबर एकटे राहू नये असा नियम आहे काय? (आपल्या गावच्या शाळेत अनोळखी माणसाला आपण जे करू देणार नाही, ते तेथेही करू नये.) तिकिटांचा पैसा एखाद्या आईची शिलाई मशीन किंवा मुलाची गावातील शाळेची फी यासाठी स्थानिक मंडळीच्या हाती दिला तर कसे, हेही विचारावे. उत्तर आल्यावर ते प्रार्थनासभेत सर्वांसमोर वाचावे. गोरखपूरच्या गाडीचे आरक्षण त्यानंतर करावे.