राउटरची स्मरणवही

घराच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकवीत बसलेल्या राउटरकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही या लहानशा पेटीचा एक गुण मला अभ्यासण्याजोगा वाटतो. ती लक्षात ठेवते आणि ठरल्या वेळी विसरतेही.

आपण संकेतस्थळे नावांनी ओळखतो. संगणकांना मात्र आकडी पत्ते लागतात. प्रारंभी ही नावे व पत्ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एकाच यादीत ठेवीत. जाळे वाढले तशी ती यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली.

समजा, आपण मोबाइलवर मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ उघडले. मोबाइल त्याचा पत्ता राउटरला विचारतो; राउटर इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. त्यालाही ठाऊक नसल्यास तो प्रथम मूळ सर्व्हरला, मग ‘डॉट इन’ची नोंद ठेवणाऱ्याला, असे पायरीपायरीने विचारून पत्ता आणतो. अनेक राउटर हे उत्तर टिपून ठेवतात. यालाच कॅशे म्हणतात. थोड्या वेळाने घरातील दुसऱ्या कोणी तेच नाव विचारले, की उत्तर घरातच मिळते.

प्रत्येक उत्तरासोबत त्याची मुदत सेकंदांत येते. तिला टीटीएल म्हणतात. ३,६०० म्हणजे एक तास. कंपनीच्या सर्व्हरने तो पत्ता आधीच वीस मिनिटे जपला असेल, तर राउटरच्या वाट्याला उरलेली चाळीस मिनिटेच येतात. मुदत संपली की चौकशी नव्याने होते.

ही मुदत कशासाठी? पत्ते बदलतात म्हणून. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एखादे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलविले आणि जुन्या पत्त्याची मुदत ८६,४०० सेकंद असली, तर काही विद्यार्थी दिवसभर जुन्याच दारावर थाप मारीत राहतील. म्हणून जाणते व्यवस्थापक स्थलांतराच्या एक-दोन दिवस आधीच मुदत ३०० सेकंदांवर आणतात. राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्यास त्याची नोंद बहुधा पुसली जाते. मात्र मोबाइलची व कंपनीची स्मरणवही निराळी असते, हे विसरू नये.

कधी काळी ऐकलेली माहिती आपणही वर्षानुवर्षे खरी मानून चालतो. ती केव्हाची आहे, एवढे विचारण्याची सवय आपण या पेटीकडून घ्यावी, असे मला वाटते.