स्कोअर बघून प्रोसेसर घेण्याआधी

बदलापूरच्या कुळगावात ओळखीच्या मुलांना गेमिंगचे पीसी जोडून द्यायचं काम मी आवडीने करतो. त्यामुळे दुसरीकडून आणलेले, रखडणारे पीसीही शेवटी माझ्याकडेच येतात. त्यातल्या एकाबद्दल लिहितो, कारण तसाच पैसा अजूनही घराघरांतून जातोय.

मुलगा नुकताच बारावी झालेला, वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. बोनस हातात आल्यावर बापलेक दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडला गेले. एका दुकानात त्यांना सिनेबेंचचे आकडे दाखवले. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी, दोघांचे स्कोअर जवळपास सारखे. मग ‘जी’वाल्यात ग्राफिक्स वरकड मिळतंय, तर तोच का नको? सोबत आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड आणि १६ जीबी रॅमची एकच स्टिक. घरी जीटीए फाइव्ह लावला, की भर शहरात गाडी पळवताना चित्र अडकायचं.

दाखवलेले आकडे खोटे नव्हते. दोन्ही प्रोसेसर सहा कोरचे, दोन्ही झेन ३. पण ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी) ३२ एमबी, ५६००जी मध्ये १६. शिवाय ५६००जी पीसीआयई ३.० च्या पुढे जात नाही. ६५०० एक्सटी मुळात चारच लेन वापरतं. ४.० वर (तेही बी५५० सारखा बोर्ड असेल तर) ते भागतं, ३.० वर देवाणघेवाण निम्म्यावर येते, आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम लॅग मारायला लागतो. प्रोसेसरच्या स्कोअरमध्ये यातलं काही दिसणार कुठून?

सिनेबेंच हे मॅक्सॉन कंपनीच्या सिनेमा ४डी या सॉफ्टवेअरवर बेतलेलं. ते एक चित्र रेंडर करतं. चित्राचे तुकडे पडतात, प्रत्येक कोर आपापला तुकडा उरकतो, कुणी कुणासाठी थांबत नाही. अ‍ॅनिमेशन करणाऱ्याला यासारखं मोजमाप नाही. गेममध्ये मात्र बरंचसं काम एका मुख्य थ्रेडवर अडून असतं. ६० एफपीएस हवे तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात इकडे-तिकडे विखुरलेला डेटा गोळा करायचा असतो. तो कॅशमध्ये सापडला नाही तर रॅमपर्यंत जावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी याचा चोख पुरावा आहे. साध्या ५८००एक्सपेक्षा त्याचा क्लॉक कमी, म्हणून सिनेबेंचमध्ये तो मागे. एल३ कॅश मात्र ३२ ऐवजी ९६ एमबी, आणि बहुतेक गेममध्ये तो सरळ पुढे.

मग गेममधल्याच चाचण्या बघाव्यात का? जरूर बघा, पण कार्ड कोणतं लावलंय ते आधी वाचा. प्रोसेसरमधला फरक उठून दिसावा म्हणून परीक्षक मुद्दाम सर्वांत महागडं कार्ड लावून १०८०पी वर खेळतात. ते बरोबरच आहे. पण तुमच्या बजेटमधल्या कार्डावर तोच फरक बहुतेक गेममध्ये पुसून जातो, कारण तिथे कार्डच आधी दमतं. अशा वेळी आय५ सोडून आय७ वर घातलेला पैसा वाया जातो, तो कार्डात घालावा. व्हॅलोरंटसारखे गेम याला अपवाद, तिथे प्रोसेसरच खरा कामाला लागतो. सरासरी एफपीएसवरही थांबू नका, ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस, बघा. अडकणारं चित्र सरासरीत लपतं.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. चाचण्या बहुधा थंड खोलीत होतात. बदलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ढकललेलं असतं. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. त्याला मोकळी हवा द्या.

त्या मुलाच्या पीसीवर आम्ही एमएसआय आफ्टरबर्नर लावून गेम चालू असताना आकडे बघितले. कार्डाची मेमरी काठोकाठ भरलेली होती. टेक्स्चर खाली आणलं, रॅमची दुसरी स्टिक घातली, खेळ पुष्कळ सुधारला. नवीन घेणाऱ्याने एवढं करावं: आपला गेम, आपलं कार्ड आणि तोच प्रोसेसर अशी चाचणी शोधावी, आणि पैसे देण्याआधी बिलावर प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरासकट व रॅम ‘८ जीबीच्या २’ अशी लिहून घ्यावी.