पागेतले गाणे

वाचकहो, आज एक नवा शब्द वाचू. शब्द लांब आहे. तुकडे करून वाचा. सॅक्-सो-फोन. जमला? आता एकदम वाचा. सॅक्सोफोन.

शब्द नवा असेल, पण वस्तू तुम्ही पाहिलेली असेल. लग्नाच्या वरातीत बँड असतो. त्यात पिवळ्या धातूचे, खाली जाऊन पुन्हा वर वळलेले एक वाद्य असते. वाजवणारा ते गळ्यातल्या पट्ट्याला अडकवतो. तोच सॅक्सोफोन. बेल्जियम देशातल्या आदोल्फ साक्स नावाच्या कारागिराने तो बनवला आणि १८४६ साली फ्रान्समध्ये आपल्या नावावर नोंदवला. वाद्याचे अंग पितळेचे, पण बोलते ती तोंडाजवळची पातळ पत्ती. आपल्या सनईतही पत्तीच बोलते की!

हा धडा सॅक्सोफोन वाजवणाऱ्या एका माणसाचा आहे. त्यांचे नाव जॉन डँकवर्थ. ते इंग्लंडचे. तुम्ही म्हणाल, गुरुजी, इंग्लंडातल्या वाजंत्र्याशी आम्हांला काय करायचे? जरा थांबा, पुढे वाचा.

जॉनचा जन्म २० सप्टेंबर १९२७ रोजी लंडनच्या कडेला वुडफर्ड येथे झाला. घरात गाणेबजावणे होते. लहानपणी तो व्हायोलिन आणि पियानो शिकला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने बेनी गुडमन या अमेरिकन वादकाच्या तबकड्या ऐकल्या. त्या ऐकल्या आणि पोराला क्लॅरिनेटचे वेड लागले. पुढे सॅक्सोफोन हातात आला, तो कायमचा, आणि चार्ली पार्कर या दुसऱ्या अमेरिकन वादकाच्या सॅक्सोफोनची त्याच्यावर छाप पडली.

हे दोघे अमेरिकन वादक जे वाजवत, त्याला जॅझ म्हणतात. अमेरिकेत आफ्रिकेतून पकडून आणलेले काळे गुलाम होते. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी न्यू ऑर्लिन्स शहरात, १९०० सालच्या आगेमागे हे संगीत घडवले. त्याची खूण सांगतो. आपल्याकडे दोन बुवा एकच अभंग म्हणतात. शब्द तेच, चाल तीच. पण एक बुवा एका जागी घोळवतो, दुसरा दुसऱ्याच जागी. तो बेत कागदावर लिहिलेला नसतो. त्या वेळी, त्या बैठकीत सुचतो. जॅझमध्येही तसेच. चाल ठरलेली असते, तिच्यावर वादक जागच्या जागी नवे रचतो.

१९४४ साली जॉन लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या मोठ्या संगीतशाळेत दाखल झाला. तिथे त्या काळी जॅझला मान नव्हता. ते नाचघरातले, हलके, असे समजत. आपण तमाशाला जसे नाक मुरडत आलो, तसेच. इथे आमची एक गोष्ट कबूल करतो. शाळेत असताना बाकावर ढोलकीचा ठेका धरतो म्हणून एका मुलाला आम्ही तासभर उभे केले होते. ठेका मात्र बिनचूक होता. हे आम्हांला तेव्हाही कळत होते.

असो. जॉनने दोन्ही धरले. दिवसा शाळेतले शास्त्र, बाकी वेळ जॅझ. पण खरे जॅझ अमेरिकेत, आणि जायला पैसा कुठला? त्याने युक्ती काढली. न्यूयॉर्कला जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजावर बँड असे. त्या बँडात त्याने नोकरी धरली. जहाज बंदराला लागले की हा उतरून पार्करला ऐकायला जायचा. १९४९ साली पॅरिसला जॅझचा मोठा उत्सव झाला. तिथे खुद्द पार्करच्या बरोबर वाजवायला मिळाले. तेव्हा जॉनला बावीस वर्षेही पुरी नव्हती.

१९५० साली त्यांनी सात जणांचा ताफा काढला, १९५३ साली मोठा. १९५१ मध्ये ताफ्याला गायिका हवी होती. एक तरुणी गाऊन दाखवायला आली. बाप जमेकाचा काळा, आई इंग्रज. ताफ्याने आठवड्याला सहा पौंड पगार सांगितला. ती म्हणाली, सात द्या. सात मिळाले. हीच पुढे क्लिओ लेन या नावाने जगभर गाजली. १९५८ साली दोघांचे लग्न झाले.

त्याच वर्षी लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या तरुणांच्या टोळक्यांनी काळ्या लोकांवर हल्ले केले. गोरा नवरा, सावळी बायको, अशा घराला ही बातमी लांबची नव्हती. मग कलावंतांनी एकत्र येऊन वर्णद्वेषाविरुद्ध एक संघटना काढली. डँकवर्थ तिच्या पुढाऱ्यांत होते.

त्यांची शिकवण्याची हातोटी कशी होती, ते एका तबकडीवरून कळते. इंग्रज पोरांचे तीन आंधळ्या उंदरांचे एक बालगीत आहे. १९५६ साली डँकवर्थ यांनी ती एकच चाल घेतली आणि निरनिराळे नामांकित ताफेवाले ती कशी वाजवतील, ते एकामागून एक वाजवून दाखवले. लोक हसले, आणि हसता हसता त्यांना ढंगाढंगातला फरक कळू लागला. तबकडी धडाक्यात खपली. आमच्या मते हा धडाच होता, फक्त फळा नव्हता.

पुढे त्यांनी सिनेमाला संगीत दिले, देशोदेशी कार्यक्रम केले. ते सगळे सांगत बसत नाही. मुख्य गोष्ट वेव्हंडन गावाची आहे.

वेव्हंडन हे लंडनपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवरचे खेडे. तिथे पाद्र्याचे जुने घर डँकवर्थ पतिपत्नींनी राहायला घेतले. आवारात घोड्यांची पागा होती. घोडे केव्हाच गेलेले. नवराबायकोने ठरवले, इथे गाणे करायचे. १९६९ साली त्यांनी धर्मादाय संस्था स्थापली आणि १९७० साली पागेत बैठक सुरू झाली. जागेचे नावही बदलले नाही. स्टेबल्स, म्हणजे पागाच.

तिथला नियम एकच होता. सगळे संगीत आपले. आज शास्त्रीय, उद्या जॅझ, परवा खेड्यातली लोकगीते. वरचे-खालचे काही नाही. अकॅडमीत जे दार बंद दिसले, ते इथे चौकटीसकट काढून टाकले म्हणा ना! नुसते कार्यक्रम करूनही ते थांबले नाहीत. मुलांसाठी आणि थोरांसाठी शिकवणीचे वर्ग घेतले. जॉन यांची बहीण एव्हरिल हिने मुलांची संगीत शिबिरे चालवली. उन्हाळ्यात पोरे तंबू ठोकून राहायची आणि दिवसभर वाजवायची.

गर्दी वाढत गेली, पागा पुरेना. २००० साली त्याच आवारात सुमारे चारशे खुर्च्यांचे नवे सभागृह उभे राहिले. २००६ साली सरकारने डँकवर्थ यांना 'सर' ही पदवी दिली.

२००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या दौऱ्यात ते आजारी पडले. तरी वर्षाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून सॅक्सोफोन वाजवला.

६ फेब्रुवारी २०१० रोजी पागेचा चाळिसावा वाढदिवस होता. तिकिटे गेलेली, पाहुणे कलावंत आलेले. त्याच दिवशी लंडनच्या इस्पितळात जॉन डँकवर्थ वारले. ब्याऐंशी वर्षांचे होते. घरच्यांनी ठरवले, कार्यक्रम बंद करायचा नाही. रात्री सभागृह भरले. कुणाला काही माहीत नाही. मुलगा ॲलेक याने बास वाजवला, मुलगी जॅकी गायली. क्लिओबाईही गायल्या. नवरा गेलेला, आणि बाई रंगमंचावर उभी राहून गाते आहे! कार्यक्रम संपत आला, तेव्हा त्या पुढे आल्या आणि त्यांनी लोकांना सांगितले की जॉन आज गेले.

क्लिओबाई २४ जुलै २०२५ रोजी वारल्या. त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. पागेत कार्यक्रम चालू आहेत.